ऐकणाऱ्याच्या वाट्याला काय उरलं?

छंद कोणते, असं विचारलं की माझ्या वयाचे पुष्कळ विद्यार्थी 'गाणी ऐकणं' असं उत्तर देतात. विचारणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गाणी तर सगळेच ऐकतात, त्यात छंद कसला? या प्रश्नात तथ्य आहे. जगातलं बहुतेक ध्वनिमुद्रित संगीत आज खिशातल्या फोनवर मिळतं, पुढचं गाणं कोणतं हे ॲपच ठरवतं आणि गेल्या दोन-तीन वर्षांत चार ओळींच्या सूचनेवरून अख्खं गाणं तयार करणारी यंत्रंही आली आहेत. मग ऐकणाऱ्याने करण्यासारखं काही उरलं आहे का? संगीताचे अभ्यासक, अर्थतज्ज्ञ, संगणकशास्त्रज्ञ, वकील आणि स्वतः कलाकार आपापल्या बाजूने या प्रश्नावर बोलत आले आहेत. ती चर्चा आज कुठे आहे, हे इथे मांडायचं आहे.

जुनी भीती, नवी यंत्रं

यंत्र आलं की हौशी माणूस गाणं सोडून देईल, ही भीती ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. अमेरिकी बँडमास्टर जॉन फिलिप सूसा यांनी १९०६ साली यांत्रिक संगीताच्या धोक्यावर एक गाजलेला लेख लिहिला. घरोघरी बोलणारी यंत्रं आली की मुलं वाद्य शिकणार नाहीत, हौशी गायक-वादकांची जातच नष्ट होईल आणि आईची अंगाईही यंत्रच गाईल, असा त्यांचा सूर होता. त्याच वर्षी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांनी संगीतकारांना यांत्रिक प्रतींचा मोबदला मिळावा, अशी मागणीही केली. कलेची काळजी आणि पैशांचा प्रश्न या वादात सुरुवातीपासून असे जोडीने आले आहेत.

आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने गायिका गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. रात्रभर रंगणारी मैफल तीन मिनिटांत बसवायची, तर काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे गायकाला ठरवावंच लागलं. मराठी भावगीताची बांधणी याच चौकटीत झाली. गजानन वाटवे, जी. एन. जोशी यांच्या पिढीने तीन मिनिटांत एक संपूर्ण भावना उभी करण्याचं तंत्र घडवलं. तंत्रज्ञानाच्या मर्यादेतूनच एक प्रकार जन्माला आला, आणि त्याला कमअस्सल म्हणणं आज कुणालाही जड जाईल. संगीतशास्त्रज्ञ अशोक दा. रानडे यांनी लोकप्रिय संगीताला कलासंगीताची पातळ आवृत्ती मानलं नाही. त्याला स्वतंत्र कोटी मानून त्याचा अभ्यास केला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढची सगळी चर्चा समजून घ्यायला ही भूमिका उपयोगी पडते.

रेडिओच्या काळात ऐकणाऱ्याच्या हाती निवड फारशी नव्हती. १९४० पासून तीन दशकं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. १९५२ नंतर बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना चित्रपटगीतांवर अंकुश आला, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे आणि अमीन सायानींच्या 'बिनाका गीतमाला'कडे वळले. १९५७ साली विविध भारती सुरू झाली. तरीही याच काळातल्या श्रोत्याने काय काय केलं ते बघा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' आठवड्याला एक गाणं याप्रमाणे ऐकवलं गेलं. लोक वही-पेन्सिल घेऊन बसत, शब्द उतरवून घेत, शेजाऱ्यांशी पडताळून बघत आणि घरच्या पेटीवर चाल बसवत. 'आपली आवड' या फर्माइशींच्या कार्यक्रमासाठी पोस्टकार्डं जात. निवड कमी होती, काम मात्र भरपूर होतं.

कॅसेट भरून घेण्याचे दिवस

कॅसेटचा काळ मला जरा सविस्तर सांगावासा वाटतो, कारण आजच्या वादातले जवळजवळ सगळे मुद्दे तिथे आधीच येऊन गेले आहेत. मोठ्या शहरांत आणि तालुक्याच्या गावी 'कॅसेट भरून मिळेल' अशी पाटी लावलेली दुकानं असत. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी घेऊन जाई. साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस नाही तर पंचेचाळीस मिनिटं. बाजू संपताना गाणं मध्येच तुटू नये म्हणून गाण्यांच्या वेळांची बेरीज करावी लागे. शेवटी दोन मिनिटं उरली तर तिथे बसेल असं छोटं गाणं शोधावं लागे. भरलेली कॅसेट चुकून पुसली जाऊ नये म्हणून वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडायचे. पुन्हा भरायची झाली तर त्याच भोकांवर सेलोटेप लावायची. आतल्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात यादी लिहायची. ज्याच्याकडे अशा कॅसेटचा खण भरलेला असे, त्याचा छंद कोणता हे वेगळं विचारावं लागत नसे.

अमेरिकी संगीतशास्त्रज्ञ पीटर मॅन्युएल यांचं उत्तर भारतातल्या कॅसेट संस्कृतीवरचं पुस्तक १९९३ साली आलं. या विषयातला तो आजही पायाचा ग्रंथ आहे. त्यांचं म्हणणं असं की ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यावरची एकदोन मोठ्या कंपन्यांची पकड कॅसेटने सैल केली, उत्पादन स्वस्त झालं आणि प्रादेशिक भाषा, भक्तिगीतं, लोकगीतं यांना बाजार मिळाला. महाराष्ट्रात याची साक्ष सहज मिळते. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज आणि भीमगीतांची परंपरा कॅसेटवरूनच गावागावांत पोहोचली. आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं ऐंशीच्या दशकात घरोघरी वाजलं. पण मॅन्युएल यांनी दुसरी बाजूही लपवली नाही. त्याच स्वस्त कॅसेटवरून चाचेगिरी वाढली, मूळ गायकाच्या आवाजाच्या नकला विकल्या गेल्या आणि द्वेषाची भाषणंही घरोघरी गेली. दारं उघडली की कोण आत येईल हे तंत्रज्ञान ठरवत नाही, हा धडा तेव्हाचा आहे.

लक्ष विखुरलं, असं म्हणणारे

पहिली मोठी भूमिका लक्षाविषयीची आहे. तिचं मूळ जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो यांच्या १९३८ च्या निबंधात सापडतं. संगीत विक्रीची वस्तू झाली की ऐकण्याची कुवतच मागे जाते, माणूस आधीच ओळखीचे झालेले तुकडे तेवढे वेचतो, असं अडोर्नोंचं निदान होतं. त्यांचे स्नेही वॉल्टर बेंजामिन यांनी थोडं आधी यांत्रिक पुनरुत्पादनाविषयी लिहिताना अधिक आशेचा सूर लावला होता: कलाकृतीचं वलय जातं हे खरं, पण ती मूठभरांच्या ताब्यातूनही सुटते. पुढच्या जवळपास प्रत्येक लेखकाला या दोघांपैकी एकाच्या जवळ उभं राहावं लागलं.

१९७९ साली वॉकमन आला आणि ऐकणं चालतं-फिरतं झालं. जपानी अभ्यासक शुहेई होसोकावा यांना त्यात शहरातल्या माणसाची नवी स्वायत्तता दिसली. पुढे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल बुल यांनी वॉकमन आणि आयपॉड वापरणाऱ्यांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. गोंगाटात स्वतःची जागा मिळते, पण आजूबाजूच्या माणसांशी संबंध तुटतो, असं दुहेरी चित्र त्यांतून पुढे आलं. लोकलच्या डब्यात एकेकाळी भजनी मंडळाच्या टाळांचा आवाज घुमायचा आणि आज कानात इअरफोन घातलेले चेहरे दिसतात, हे बघणाऱ्याला बुल यांचा मुद्दा समजावून द्यावा लागत नाही. (काही गाड्यांत ही मंडळं अजून टिकून आहेत, हेही नोंदवायला हवं.)

स्ट्रीमिंगच्या काळात या भूमिकेला नवा आधार मिळाला. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते मोजलं जातं, म्हणून श्रोत्याला पहिल्या तीस सेकंदांत धरून ठेवण्याची धडपड वाढली, असं सांगितलं जातं. ह्युबेर लेव्हेये गोव्हँ या अभ्यासकाने अमेरिकेतल्या पहिल्या दहांत गेलेल्या गाण्यांची मोजणी केली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात गाणं सुरू होण्याआधीचं वाद्यसंगीत सरासरी वीस सेकंदांहून जास्त होतं. २०१५ पर्यंत ते पाचच्या आसपास आलं. हा आकडा बोलका आहे, पण त्याचा अर्थ लावताना घाई होते. या तीस वर्षांतली बरीचशी वर्षं स्ट्रीमिंग येण्याआधीची आहेत. रेडिओ वाहिन्यांची स्पर्धा, सीडीवर गाणं पुढे ढकलण्याची सोय, यांचाही त्यात हात असणार. आणि तीन मिनिटांच्या तबकडीचा इतिहास आठवला तर आखूड गाणं म्हणजे उथळ गाणं, हे समीकरण टिकत नाही.

निवड कोणाची?

दुसरा वाद माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्यात पुरावाही जास्त चांगला आहे. २००६ साली मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडांची ४८ गाणी, सुमारे १४ हजार श्रोते. काहींना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांना आधीच्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं याचा आकडाही दिसत होता, आणि त्यांना एकमेकांपासून वेगळ्या आठ गटांत वाटलं होतं. आकडा दिसला तिथे मोठी गाणी आणखी मोठी झाली. पण कोणतं गाणं मोठं होईल हे मात्र प्रत्येक गटात वेगळं निघालं. एकच गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात चाळिसावं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचं नशीब आधीच्या चार जणांनी काय केलं त्यावर ठरलं. रीलवर एखादं गाणं अचानक का उसळतं, याचं याहून प्रामाणिक स्पष्टीकरण माझ्या वाचनात आलेलं नाही.

त्याच सुमारास क्रिस अँडरसन यांनी 'लाँग टेल'ची कल्पना मांडली होती: दुकानात जागेची मर्यादा नसेल तर कमी खपणाऱ्या असंख्य गोष्टींनाही गिऱ्हाईक मिळेल. हार्वर्डच्या अनिता एल्बर्स यांनी विक्रीचे आकडे तपासून २००८ मध्ये त्याला उत्तर दिलं. शेपूट लांब झालं खरं, पण विक्री मूठभर लोकप्रिय गोष्टींकडेच झुकत होती. २०२० मध्ये स्पॉटिफायच्याच संशोधकांनी टोरांटोच्या ॲश्टन अँडरसन यांच्यासोबत श्रोत्यांच्या सवयी तपासल्या. यंत्राने सुचवलेलं ऐकणाऱ्यांच्या ऐकण्यात विविधता कमी आढळली. ज्यांची आवड काळानुसार विस्तारत गेली ते शिफारशींपासून दूर होत स्वतः शोधून ऐकायला लागले होते. वैविध्याने ऐकणारे ॲप सोडूनही कमी जातात, असंही दिसलं. म्हणजे श्रोता जिज्ञासू राहण्यात कंपनीचाही दूरचा फायदा आहे. शिफारस करणारे अभियंते संगीताचे शत्रू नसतात, आवडीविषयी मनापासून विचार करणारी माणसं असतात, हे मानववंशशास्त्रज्ञ निक सीव्हर यांनी त्यांच्यात वावरून लिहिलेल्या पुस्तकात दाखवलं. याउलट लिझ पेली यांच्या २०२५ च्या पुस्तकात, 'अभ्यासासाठी', 'झोपेसाठी' अशा याद्यांमध्ये स्वस्तात करून घेतलेलं निनावी संगीत कसं भरलं जातं, याचा तपशील आहे. मला ही दोन्ही पुस्तकं एकमेकांना खोडणारी वाटत नाहीत. चांगल्या हेतूची माणसं आणि खर्च वाचवणारी व्यवस्था एकाच इमारतीत बसू शकतात.

हौशी माणूस गेला नाही

तिसरी भूमिका सूसा यांना थेट उत्तर देते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८२ मध्ये नुसता विरंगुळा आणि गंभीर फावला वेळ यांत फरक केला. ज्यात कौशल्य कमवावं लागतं, चिकाटी लागते, आपल्यासारख्या इतरांचा गोतावळा तयार होतो, तो दुसऱ्या प्रकारचा. या कसोटीवर पाहिलं तर तंत्रज्ञानाने हौशी लोकांना संपवलेलं दिसत नाही. १९७१ मध्ये कोबे इथल्या दाइसुके इनोऊए यांनी कराओकेचं यंत्र बनवलं. आज पुण्या-मुंबईत निवृत्त मंडळींचे कराओके गट सभागृह भाड्याने घेऊन कार्यक्रम करतात. महिनाभर आधी ट्रॅक मिळवून, पट्टी आपल्या गळ्याप्रमाणे वरखाली करून घेऊन तालीम करतात. सूसांना भीती होती त्याच्या नेमकं उलट इथे घडलं: यंत्रामुळे साठीनंतर माणसं गायला लागली.

रियाजाचंही तसंच. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि फोनवरचा तबला यांमुळे वसतिगृहातल्या खोलीत एकट्याने रियाज करता येतो. ज्या मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या मिरजेच्या कारागिरांच्या धंद्याचं यात काय होतं, हा प्रश्न मात्र यातच दडलेला आहे. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची मुंबईतली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' १९९० पासून काम करते आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये विनाइल तबकड्या १९८७ नंतर पहिल्यांदाच सीडींपेक्षा जास्त संख्येने खपल्या. सगळं फुकटात ऐकायला मिळत असतानाही काही लोक हातात धरता येईल असं संगीत विकत घेत आहेत.

निर्मितीत तर उघडच बदल झाला. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये देशभर रील्सवर वाजलं, ते चित्रपटाच्या आधाराशिवाय. मुंबईच्या 'स्वदेसी' गटात एमसी मवाली मराठीत रॅप करतो; 'अभंग रिपोस्ट' संतांच्या रचना बँडच्या साजात गातो. माझ्या ओळखीतली मुलं फोनवरच्या बँडलॅबमध्ये बीट रचतात, पांघरूण डोक्यावर घेऊन आवाज मुद्रित करतात, कारण खोलीचा घुमारा त्याने कमी होतो. इथे आशावादी मंडळींची बाजू भक्कम आहे. फक्त एवढंच, की सॅल्गॅनिक यांच्या प्रयोगातली गोष्ट इथेही लागू होते: रचता सगळ्यांना येतं, ऐकलं कोण जाईल हे कुणाच्या हातात नाही.

पैसा

हा भाग थोडक्यात. बहुतेक स्ट्रीमिंग सेवा सगळ्यांची वर्गणी एकत्र करून एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटतात. मी महिनाभर एकाच कीर्तनकाराचे अभंग ऐकले तरी माझ्या वर्गणीचा मोठा हिस्सा देशात सर्वाधिक वाजलेल्या गाण्यांकडे जातो. ज्याची वर्गणी त्याच्या आवडीच्या कलाकाराला, अशी दुसरी पद्धत साउंडक्लाउडने २०२१ मध्ये सुरू केली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या समितीने स्ट्रीमिंगची व्यवस्था मुळातून बदलण्याची शिफारस केली. स्पॉटिफायने २०२४ पासून वर्षाला एक हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्यांचा मोबदला बंद केला. कंपनीच्या मते याने चिल्लर रकमांची गळती आणि फसवणूक थांबते. छोट्या कलाकारांच्या मते सुरुवात करणाऱ्यालाच दंड बसतो. भारतात कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मोबदल्याचा हक्क काढून घेता येणार नाही असा केला. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत लढा दिला होता. कायदा झाला, हिशेबाची पारदर्शकता अजून वादात आहे.

यंत्राचा आवाज

सर्वांत ताजा वाद कृत्रिम बुद्धिमत्तेचा, आणि त्यात वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. जुन्या ध्वनिफितीतला जॉन लेननचा आवाज यंत्राने वेगळा काढून २०२३ मध्ये बीटल्सचं 'नाऊ अँड देन' पूर्ण झालं. तो आवाज त्यांचाच होता. ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' चित्रपटात दिवंगत गायक बंबा बाक्या आणि शाहुल हमीद यांचे आवाज यंत्राने घडवले. कुटुंबीयांची परवानगी आणि मोबदला दिल्याचं त्यांनी सांगितलं, तरी मृत गायकाच्या संमतीचं काय, हा प्रश्न विचारला गेलाच. ड्रेक आणि द वीकेंड यांच्या आवाजांची नक्कल करणारं २०२३ मधलं गाणं मात्र कुणालाही न विचारता केलेलं होतं. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली.

सूचनेवरून संपूर्ण गाणं बनवणाऱ्या सुनो आणि युडिओवर बड्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी जून २०२४ मध्ये खटले भरले. २०२५ अखेर त्यांतल्या काही कंपन्यांनी त्यांच्याशीच परवान्याचे करार केले. डीझर या फ्रेंच सेवेने जानेवारी २०२५ मध्ये रोज येणाऱ्या गाण्यांपैकी १० टक्के पूर्णपणे यंत्रनिर्मित असल्याचं सांगितलं होतं, सप्टेंबरमध्ये तो आकडा २८ टक्क्यांवर गेला. ऐकण्यातला वाटा मात्र त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे सुमारे अर्धा टक्का होता. समर्थक म्हणतात, पेटी, सिंथेसायझर, ऑटोट्यून, सगळ्यांना आधी विरोधच झाला. विरोधक म्हणतात, पेटीला कुणाची तरी बोटं लागत होती, आणि पेटी इतरांची गाणी न विचारता गिळून शिकली नव्हती. मला दुसरा मुद्दा वजनदार वाटतो. पण गळा नसलेल्या एखाद्या कवीला आपली कविता पहिल्यांदा चालीत ऐकू आली, तर त्याचा तो आनंद खोटा ठरवण्याचीही माझी तयारी नाही.

न सुटलेलं

शिफारशींमुळे आवड खरोखर आक्रसते, की मुळातच कमी शोधणारे लोक शिफारशींवर जास्त अवलंबून राहतात, हे कारण-परिणामाचं कोडं बाकी आहे. ते सोडवायला लागणारी माहिती कंपन्यांकडे आहे, आणि मराठी श्रोत्यापुरतं बोलायचं तर विद्यापीठातल्या विद्यार्थ्याच्या हाती त्यातलं काहीच लागत नाही. यंत्राला शिकवायला वापरलेल्या गाण्यांचा मोबदला कुणाला आणि कसा द्यायचा, हेही भारतीय कायद्यात ठरायचं आहे.

यातला एक प्रश्न लहान दिसतो, पण बाकीचे त्यावर उभे आहेत. आकाशवाणीचा निवेदक गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं सांगतो. फोनच्या पडद्यावर जुन्या मराठी गाण्यापुढे पुष्कळदा गायकाचं आणि एखाद्या संकलनाचं नाव तेवढं दिसतं. शान्ता शेळके किंवा जगदीश खेबुडकर शोधावे लागतात, आणि वर्ष दिसतं ते संकलनाचं. 'आठवणीतली गाणी'सारख्या संकेतस्थळाने ही माहिती हौसेने गोळा केली, संग्राहकांनी तबकड्यांवरच्या लेबलांवरून पडताळली. मोबदला वाटायचा तर रचना कुणाची हे माहीत हवं, शिफारस करायची तर गाणं कुठल्या काळातलं हे माहीत हवं, आणि यंत्राने कुणाचं काम वापरलं हे शोधायचं तर तेच. ध्वनिमुद्रिका कंपन्या, आकाशवाणीची ग्रंथालयं आणि खासगी संग्राहक यांच्याकडे विखुरलेल्या या नोंदी एकत्र कुणी आणायच्या आणि त्याचा खर्च कुणी उचलायचा, हे अजून ठरलेलं नाही.